आधी श्वास, मग फोटो

मशीन बसलं असं तू फोनवर सांगितलंस, तेव्हापासून मनात एकच चाललंय, तुला काय काय सांगायचं राहिलंय. आपल्याकडं एक्स-रेला कुणी एक्स-रे म्हणत नाही, फोटो म्हणतात. संकेश्वर, चिकोडी, कागल, कुठूनही माणूस येऊ दे, कुत्र्याला टेबलावर ठेवायच्या आधीच म्हणतो, "डॉक्टर, एक फोटो काढून बघा की." माझ्याकडं मशीन नव्हतं तेव्हा मी कुत्री जीपमधनं कोल्हापूरला नाहीतर बेळगावला धाडायचो. काही पोचायची, काही वाटेतच जायची. तुझ्या तर हाताशी मशीन आहे. म्हणून सगळ्यात आधी हे ऐक, की कुठल्या कुत्र्याला त्या टेबलावर चढवायचंच नाही.

मान लांब केलेली, कोपरं अंगापासून फाकवलेली, जीभ निळसर, दर श्वासाला पोट आत-बाहेर होतंय आणि खाली बसवलं तरी बसत नाही, असं कुत्रं आलं की फोटो विसर. ऑक्सिजन लाव, अंधाऱ्या शांत कोपऱ्यात ठेव, मालकाला जवळ बसू दे. मग स्टेथोस्कोप लाव. छातीच्या खालच्या भागात श्वासाचा आवाजच येत नसेल तर पाणी साचलंय असं धर, वरच्या भागात येत नसेल तर हवा. अशा वेळी सुई आधी, फोटो नंतर. सातव्या ते नवव्या बरगडीच्या दरम्यानच्या फटीत, पाणी असेल तर खालच्या अंगाला, हवा असेल तर वरच्या. सुई नेहमी मागच्या बरगडीच्या पुढच्या कडेला लागून घाल, कारण रक्तवाहिन्या बरगडीच्या मागच्या कडेनं जातात.

अक्कोळच्या एका म्हाताऱ्या पॉमेरेनियन कुत्रीला मी फोटोसाठी उताणं केलं होतं. दम लागलेला दिसत होता, पण मला दोन्ही बाजूंचे फोटो नीटनेटके हवे होते. बटण दाबायच्या आत ती गेली. चूक माझी होती. दम लागलेल्या कुत्र्याला उताणं करायचं नाही, कधीच नाही. पालथं ठेव, पुढचे पाय समोर, मागचे बेडकासारखे दुमडलेले, जसं ते घरी ओट्यावर पसरतं तसं. पालथ्या फोटोत हृदय उलट चांगलंच दिसतं, आणि मागच्या लोबच्या रक्तवाहिन्याही. एकच फोटो मिळाला तरी चालेल. कुत्रं सावरलं की बाकीचे संध्याकाळी काढ.

आता विचारायचं काय. मालक "खोकतंय" म्हणाला म्हणून खोकला समजू नकोस. निम्मे लोक ओकारीला खोकला म्हणतात, आणि खोकून शेवटी फेस पडला की त्याला उलटी म्हणतात. तू कन्नडमधनंही नीट विचारायला शीक. अथणी-गोकाककडचा माणूस "नायी केम्माकत्तैती री" म्हणेल, म्हणजे कुत्रं खोकतंय. केम्मु म्हणजे खोकला, वांती म्हणजे उलटी, उसिरु म्हणजे श्वास. मग त्याला म्हण, करून दाखवा. माणसं अगदी हुबेहूब करून दाखवतात, आणि त्या आवाजावरनंच तुला कळतं की बघायचंय ते श्वासनलिकेकडं का अन्ननलिकेकडं.

सगळ्यात जिवावरचं वाक्य म्हणजे "घशात हाड अडकलंय." रविवारी मटण झालं की सोमवारी हे ऐकायला मिळणारच. हाड खरंच अडकतं, आणि अडकतं ते ठरलेल्या जागी: छातीच्या तोंडाशी, हृदयाच्या माथ्यावर, नाहीतर हृदय आणि डायफ्रॅमच्या मधे. म्हणून नुसता गळ्याचा फोटो काढून "काही नाही" म्हणू नकोस, छातीचाही काढ. पण त्याआधी कुत्र्याकडं नीट बघ. जबडा लोंबतोय, लाळ गळतीय, आवाज बदललाय, पाणी गिळता येत नाही, आणि लस कधी टोचली हे कुणालाच आठवत नाही, असं असेल तर ते पिसाळलेलं असू शकतं. मुक्या रेबीजमधलं कुत्रं चवताळत नाही, गप्प बसतं, आणि घरातलं पोरगंच त्याच्या तोंडात हात घालून हाड शोधत असतं. तोंडात हात घालायचा नाही. तुझाही नाही, कंपाउंडरचाही नाही. घरात कुणी आधीच घातला असेल तर कुत्र्याच्या फोटोआधी त्या माणसाला सरकारी दवाखान्यात लशीला पाठव. तुला स्वतःला आधीच लस टोचून घ्यायला लावली होती ती याचसाठी. हा फोटो उद्यावर गेला तरी काही बिघडत नाही.

बरं, कुत्रं शांत आहे, फोटो काढायचाय. उजव्या कुशीवरनं सुरुवात कर आणि रोज त्याच कुशीवरनं कर, म्हणजे डोळ्याला सवय होते. पुढचे पाय चांगले पुढं ओढून वाळूच्या पिशव्यांनी धर. नाही ओढलेस तर दंडाचं मांस पुढच्या फुप्फुसावर येतं आणि तिथं न्यूमोनिया आहे असं वाटतं. मान सरळ, ना वाकलेली ना मागं ताणलेली. मान वाकली की श्वासनलिका वर उचलल्यासारखी दिसते, आणि हृदयाच्या पुढं गाठ आहे की काय असं वाटून तू उगाच घाबरशील. छातीच्या हाडाखाली स्पंजचा तुकडा सरकव, कणा आणि छातीचं हाड टेबलापासून सारख्या उंचीवर आलं पाहिजे. मध्यबिंदू खांद्याच्या पात्याच्या मागच्या कडेशी. चौकट छातीच्या तोंडापासून शेवटच्या बरगडीच्या जरा मागंपर्यंत, त्याहून मोठी उघडू नकोस.

धरायला मालकाचे हात घेऊ नकोस. पिशव्या, कापडी पट्ट्या आणि धीर यांनी जमतं, नाहीच जमलं तर हलकी भूल. शिशाचा एप्रन इकडं-तिकडं उडणाऱ्या किरणांपुरता असतो, थेट झोतात हात आला तर तो वाचवत नाही. आमच्या वेळच्या माणसांनी हात झोतात धरून कुत्री धरली, आणि काहींच्या बोटांची कातडी पुढं बिघडली. बॅज रोज लाव, मशीनची नोंदणी अणुऊर्जा नियामक मंडळाकडं करून घे. बटण दाबताना मागं सर. अंतर दुप्पट केलंस की किरणं चौथाईवर येतात.

आकड्यांचं म्हणशील तर छाती हलती असते, म्हणून वेळ कमीत कमी आणि केव्ही जास्त. जुना हिशेब असा की जाडी सेंटिमीटरमधे मोजायची, दुप्पट करायची आणि त्यात ४० मिळवायचे. १५ सेंटिमीटरच्या कुत्र्याला ७० केव्ही. ट्यूबपासून डिटेक्टरपर्यंत अंतर १०० सेंटिमीटर. जाडी १० ते १५ च्या पुढं गेली की ग्रिड. छातीत हवा असते, म्हणून पोटापेक्षा एमएएस कमीच लागतो. १०० एमएच्या मशीनवर सेकंदाचा पन्नासावा भाग म्हणजे दोन एमएएस, एवढ्यात मध्यम कुत्रं आरामात बसतं. सांजच्याला व्होल्टेज पडतं तेव्हा स्टॅबिलायझरचा काटा बघितल्याशिवाय बटण दाबू नकोस. आता डिजिटलमधे फोटो काळा पडला तरी कॉम्प्युटर सावरून घेतो, पण त्या भरवशावर डोस वाढवत जाऊ नकोस.

आणि बटण दाबायचं ते श्वास पूर्ण आत गेल्यावर. या एका गोष्टीसाठी मी तुला कितीदा बोललोय. कुत्र्याच्या शेवटच्या बरगड्यांकडं बघ, चेहऱ्याकडं नको. बरगड्या फुलून क्षणभर थांबतात, तो क्षण. धापा टाकत असेल तर नाकपुड्यांवर हळूच फुंकर घाल, एक श्वास रोखतं. श्वास सोडतानाचा फोटो खोटं बोलतो: हृदय मोठं दिसतं, फुप्फुस पांढरट दिसतं, आणि चांगल्या कुत्र्याला तू हृदयाची गोळी चालू करून बसशील. कसा ओळखायचा? हृदय आणि डायफ्रॅम एकमेकांवर चढलेले असतील तर श्वास सुटलेला आहे. दोघांमधे फुप्फुसाचा काळा तिकोन मोकळा दिसला तर तो फोटो वाचायच्या लायकीचा. एक अपवाद लक्षात ठेव. पग किंवा पॉमेरेनियनची श्वासनलिका बसते अशी शंका असेल तर दोन्ही वेळचे काढ. गळ्यातला भाग श्वास घेताना बसतो, छातीतला सोडताना.

फोटो समोर आला की एकदम फुप्फुसाकडं धावू नकोस. बाहेरून आत ये. कातडी, बरगड्या, छातीचं हाड, मणके, डायफ्रॅम, मग श्वासनलिका, हृदय, रक्तवाहिन्या, आणि फुप्फुस सगळ्यात शेवटी. फुप्फुसात काही सापडलं की डोळा तिथंच अडकतो आणि मोडलेली बरगडी राहून जाते. माझी राहिलीय.

मणक्यांशी थोडी जास्त थांब, कारण आपल्या भागात तिथं एक गोष्ट लपलेली असते. उकिरड्यावर, गोठ्यात फिरणारी कुत्री शेणातले भुंगे खातात, कोंबडीची आतडी खातात. त्यातनं स्पायरोसर्का नावाचा जंत पोटात जातो, महाधमनीच्या भिंतीतनं वर चढतो आणि अन्ननलिकेत गाठ करून राहतो. ती गाठ डायफ्रॅमच्या पुढं, वरच्या बाजूला, धूसर पांढऱ्या डागासारखी दिसते. कित्येकदा गाठ दिसतही नाही, पण छातीच्या सहाव्यापासून बाराव्या मणक्यापर्यंत खालच्या कडेला खरखरीत हाड वाढलेलं दिसतं. म्हातारपणी मणक्यांच्या टोकांना चोची फुटतात, त्या वेगळ्या. इथं मणक्याच्या मधल्या अंगावर खरखर असते. ते दिसलं की मालकाला विचार, खाल्लेलं तसंच्या तसं बाहेर पडतं का? आणि विष्ठा तपासायला घे. पहिल्यांदा नाही दिसली अंडी तर परत घे.

याचंच दुसरं टोक. एक राखणीचं कुत्रं लंगडतं म्हणून आणलं होतं, चारही पाय खालून सुजलेले. पायांचा फोटो काढला तर नळीच्या हाडांवर सगळीकडं नवं हाड चढलेलं. दुखणं मात्र पायात नव्हतं, छातीत होतं. चारही पायांच्या हाडांवर असं हाड चढलं की छातीचा फोटो काढल्याशिवाय कुत्रं घरी सोडू नकोस. छातीतली गाठ, मग ती स्पायरोसर्काची असो नाहीतर कॅन्सरची, पायांवर अशी उमटते.

हृदयाचं माप घ्यायची पद्धत तुला बिदरच्या विद्यापीठात शिकवलीच असेल. जेम्स ब्यूकॅनन यांनी १९९५ मधे ती मांडली. श्वासनलिका दुभंगते तिथून हृदयाच्या टोकापर्यंतची लांबी आणि तिला काटकोनात सगळ्यात रुंद जागेची रुंदी, दोन्ही छातीच्या चौथ्या मणक्याच्या पुढच्या कडेपासून मोजायच्या, किती मणके भरतात ते. बेरीज साडेआठ ते साडेदहा. पण हा आकडा सगळ्या जातींना सारखा लावू नकोस. बॉक्सर, लॅब्राडोर, व्हिपेट यांचं हृदय चांगलं असूनही साडेदहाच्या पुढं जातं.

आणि आपल्याकडं तर मुधोळ. घोरपड्यांच्या संस्थानात वाढलेली ही शिकारी कुत्री, मालोजीराव घोरपड्यांनी इंग्लंडच्या राजाला भेट दिलेली, २००५ मधे पोस्टाच्या तिकिटावर आलेली. तिम्मापूरला तिच्यासाठी विद्यापीठाचं केंद्र आहे. धावायला बनलेलं शरीर, छाती खोल आणि अरुंद. कुशीवरच्या फोटोत हृदय उभं, सडपातळ. पालथ्यात लहान, गोल, पेरूएवढं. ते लहान बघून नवा डॉक्टर सलाइन लावायला निघतो, रक्त कमी झालंय म्हणून. शिवाय सडसडीत मुधोळचं हृदय छातीच्या हाडापासून थोडं सुटलेलं दिसतं, ते बघून छातीत हवा शिरलीय म्हणतो. हवा म्हणायच्या आधी फुप्फुसाची कड शोध. कडेच्या पलीकडं रक्तवाहिनी दिसत नसेल तर हवा. आणि ती रेघ छातीच्या बाहेरही तशीच गेलेली असेल तर ती कातडीची घडी. माझं ऐकशील तर निरोगी मुधोळांचे पाच-सहा फोटो काढून ठेव, लस टोचायला आलेल्यांचे, मालकाची परवानगी घेऊन. पुस्तकातली कुत्री परदेशातली आहेत. तुझ्या दारात येणारी कशी दिसतात ते तुलाच जमवावं लागेल.

म्हाताऱ्या लहान कुत्र्यांत डाव्या कर्णिकेकडं बघ. हृदयाची मागची-वरची बाजू फुगून श्वासनलिकेला वर उचलते. मग रक्तवाहिन्या बघ. कुशीवरच्या फोटोत पुढच्या लोबमधे वर धमनी, मधे श्वासनळी, खाली शीर. पालथ्यात शीर आतल्या अंगाला. चौथ्या बरगडीच्या वरच्या भागापेक्षा त्या जाड नसाव्यात, पालथ्यात नववी बरगडी माप. शीर धमनीपेक्षा जाड आणि हृदयामागं वरच्या अंगाला फुप्फुस पांढरं, म्हणजे पाणी हृदयामुळं भरतंय. फ्युरोसेमाइड दे. दुसऱ्या दिवशीचा फोटो मोकळा झाला, तर तुझं निदान बरोबर होतं.

फुप्फुसाचे नमुने पुस्तकात लांबलचक दिलेत, मी दोनच सांगतो. तंबाखूच्या वखारीतलं कुत्रं आठव, वर्षानुवर्षं खकाणा ओढलेलं. त्याच्या श्वासनळ्यांच्या भिंती जाड होतात. उभ्या कापलेल्या रुळांच्या जोडीसारख्या, आडव्या कापलेल्या मेदुवड्यासारख्या दिसतात. दुसरा नमुना, पांढऱ्या ढगात काळ्या फांद्या. हवेच्या पिशव्या भरल्या, नळ्या मात्र मोकळ्या राहिल्या. उजव्या मधल्या लोबमधे हे दिसलं तर मालकाला एकच विचार, तोंडात काही ओतलं का? बाटलीनं तेल, हळदीचं दूध, काढा. प्रेमापोटीच ओततात, आणि ते फुप्फुसात जातं. त्यांना रागावू नकोस, पण पुन्हा ओतू नका हे स्पष्ट सांग. हा लोब बघायचा तर कुत्र्याला डाव्या कुशीवर घे. वर राहिलेलं फुप्फुस फुलतं, खालचं दबतं, आणि दबलेल्यात दुखणं लपतं.

म्हणूनच सडाच्या गाठी घेऊन आलेल्या कुत्रीचे तीन फोटो: उजवी कूस, डावी कूस, आणि उताणं किंवा पालथं. कॅन्सरची गोळी पाच मिलिमीटरच्या आसपास झाल्याशिवाय सहसा दिसत नाही. त्याहून बारीक पण हाडासारखे पांढरेशुभ्र ठिपके असतील तर ते म्हातारपणाचे, निरुपद्रवी. स्तनाग्रंही गोळीसारखी दिसतात. शंका आली तर त्यावर बेरियमचा ठिपका लावून परत काढ. फोटो स्वच्छ आला तरी मालकाला "पसरलेलं नाही" असं म्हणू नकोस. "आज दिसत नाही" असं म्हण.

आता तवंदी घाटातली कुत्री, उसाच्या ट्रॅक्टरची धडक बसलेली. तू सांगितलंस की फोटो बरा आहे, घरी सोडू का? नको सोडू. फुप्फुसाला मुका मार बसला की पहिल्या काही तासांत फोटोत काहीच नसतं, पांढरेपण चढत जातं ते २४ ते ४८ तासांत. डायफ्रॅमची रेघ पूर्ण दिसते का ते परत बघ. मधेच तुटली असेल किंवा छातीत वायूचा मोठा फुगा दिसत असेल तर जठर वर चढलंय. मग थांबू नको, बेळगावला सर्जनना फोन लाव, कुत्रीचं डोकं उंच ठेव. तसं नसेल तर रात्री दर तासाला श्वास मोज आणि वहीत लिही. सकाळी परत काढ. तीच कूस, तोच केव्ही, तेच अंतर, श्वास आत असताना. मी सकाळच्या एसटीनं येतो. कालचा फोटो पुसू नकोस, दोन्ही शेजारी लावून बघू.